कमान आणि कान: एका ओल्ड बॉयच्या देणगीचं प्रकरण

हे लिहायला नानांनी, म्हणजे ज्यांची ही देणगी त्यांनी, परवानगी दिली, अट एकच घातली की माझं नाव नको आणि शाळेचंही नको. म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, बाकी घडलं ते तसंच आहे. मी माजी विद्यार्थी संघटनेचा खजिनदार होतो (अजूनही आहे, हे पद कुणी घेतच नाही), त्यामुळे मी काही लांबून बघणारा माणूस नाही, यातल्या दोन-तीन चुका माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

मिलिटरी स्कूल म्हटलं की लोकांना सगळं एकच वाटतं, पण आपल्याकडे त्याच्या बऱ्याच जाती आहेत. पुण्याची श्री शिवाजी प्रिपरेटरी १९३२ ची, नाशिकचं भोसला १९३७ चं, डॉ. मुंजेंनी काढलेलं, बेळगावचं किंग जॉर्ज ज्याला आता राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणतात, आणि मग १९६१ ला सैनिक स्कूल हा प्रकार आला, तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री आणि यशवंतराव आपले मुख्यमंत्री. त्यातलं पहिलं साताऱ्याला, २३ जून १९६१. कल्पना अशी की फौजेतले अधिकारी ठराविक घरांतून आणि ठराविक महागड्या शाळांतूनच येतात, तर शेतकऱ्याच्या, जवानाच्या, मास्तरच्या पोराला पण त्या रांगेत उभं करायचं. आणि ते झालंही, साताऱ्याच्याच शाळेतले प्रदीप नाईक २००९ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि २०१५ ला कुपवाड्यात शहीद झालेले कर्नल संतोष महाडिकही तिथलेच.

नानांची शाळा याच गोतावळ्यातली एक. कुठली ते सोडा.

नाना १९६२ ला आले, वय ११, गाव दुष्काळी पट्ट्यातलं. शाळेनं यादी पाठवली होती त्यात पत्र्याची ट्रंक होती आणि घरात ट्रंक नव्हती, म्हणून वडलांनी गावच्या तलाठ्याची मागून आणली. झाकणावर पांढऱ्या रंगात तलाठ्याचं नाव आणि हुद्दा. ते खरवडायचं राहून गेलं आणि पहिल्याच रात्री डॉर्मिटरीत त्यांचं नाव पडलं ‘तलाठी’. आज ते ७४ वर्षांचे आहेत, बॅचमेट अजून तलाठीच म्हणतात, आम्ही ज्युनियर लोक नाना म्हणतो.

एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, त्यांचं झालं नाही. आम्हाला सांगितलेली गोष्ट अशी की एसएसबी (फौजेतले अधिकारी निवडायची मुलाखत) निघालं, पण मेरिटला नाव आलं नाही. मग डिप्लोमा, मग पाटबंधारे खातं, २००९ ला उपअभियंता म्हणून रिटायर. १९९० च्या सुमारास शाळेपासून २० किलोमीटरवर बदली झाली आणि तेव्हापासून दर रविवारी शाळेत. दर म्हणजे दर, पावसात पण. काय करायचे? ऑब्स्टॅकल कोर्सच्या फळ्या कुजल्यात का बघायचे, गळके नळ स्वतःच्या पान्यानं बसवायचे, क्रॉस कंट्रीला मधल्या वळणावर पाण्याची बादली घेऊन उभे राहायचे, आणि जून-जुलैत नवीन आलेली पोरं जी रडत असतात त्यांच्याशेजारी नुसते बसून राहायचे. पोरं त्यांना ‘संडे सर’ म्हणायची. मी पण त्यातलाच एक, १९९१ च्या जुलैत त्यांनी मला लिमलेटची गोळी दिलेली मला आठवते. माझ्या शेजारच्या पोराला पण दिली होती, तो आता ब्रिगेडियर आहे आणि अजून म्हणतो की त्याला दोन मिळाल्या होत्या.

आणि वही. ही वही बघितल्याशिवाय नाना कळत नाहीत. बाजारात व्यापारी वापरतात तसली लाल कापडी पुठ्ठ्याची लांब खतावणी, आता अशा ४ झाल्यात. प्रत्येक पानावर रोल नंबर, नाव, गाव, बापाचा धंदा, पुढे कुठे गेला. आमच्याकडे माणूस आधी रोल नंबर असतो, मग नाव, लग्नात भेटला तरी पहिला प्रश्न तोच. फौजेत गेला की निळी खूण, दुसरं काही झाला की हिरवी, आणि जो सेवेत शहीद झाला त्याच्या नावाभोवती लाल शाईनं पूर्ण गोल, त्याशेजारी तारीख आणि जागा. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा ती वही बरोबर असते. आमच्या संघटनेची वेबसाइट तीन वेळा बनली आणि तीन वेळा बंद पडली.

घरी बायको होती, २०१७ ला गेल्या. एक मुलगी, पुण्यात, नोकरी करते. ताईंचं म्हणणं त्या हसत सांगायच्या पण ते हसण्यासारखं नव्हतं: माझ्या बारशाला बाबा उशिरा आले कारण त्या दिवशी शाळेचं ॲन्युअल डे होतं.

अडचण कशी उभी राहिली

कोरोनानंतर शाळा पूर्ण सुरू झाली २०२२ च्या सुरुवातीला. तोपर्यंत वरचे अधिकारी बदलले होते. हे लक्षात ठेवा, अशा शाळांत वरची माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात, त्यामुळे आधीच्या साहेबांनी काय चालवून घेतलं ते नवीन साहेबांना माहीतच नसतं, आणि कागदावर तर काहीच नसतं. नाना ३० वर्ष आत जात होते ते कुठल्याच परवानगीनं नाही, गेटवरचा माणूस ओळखत होता म्हणून.

मार्चमधल्या एका रविवारी गेटवर नवीन सिक्युरिटी. त्यानं पास मागितला. नाना म्हणाले मी इथलाच. तो म्हणाला, काका, पालकांचा रविवार महिन्यातला दुसरा, आज नाही, आणि हॉस्टेलच्या बाजूला तर बाहेरच्या कुणालाच नाही.

आता इथे मी स्पष्ट लिहितो, नियम चुकीचा नव्हता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, निवासी शाळेत १० ते १८ वयाची पोरं असताना कुणी म्हातारा माणूस, कितीही चांगला असो, नोंद न करता डॉर्मिटरीत बसतो हे कुठलाच शहाणा प्रिन्सिपल चालू ठेवणार नाही. चूक होती ती पद्धतीत. कुणीतरी आधी फोन करून सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आम्ही, संघटना, कारण आम्हाला फेब्रुवारीतच नवीन नियमांचं पत्र आलं होतं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

नाना परत गेले, एसटी स्टँडवर दोन तास बसले असं नंतर कळलं. कुणाला काही बोलले नाहीत.

मे महिन्यात कार्यकारिणीच्या मीटिंगला ते आले आणि गुंडाळी केलेला एक कागद टेबलावर पसरला. स्वतः काढलेलं ड्रॉइंग, स्केलसकट. शाळेच्या गेटवर काळ्या घडीव दगडाची कमान, २४ फूट उंच, दोन्ही खांबांच्या आतल्या बाजूला शहीद माजी विद्यार्थ्यांची नावं, वहीतली लाल गोलवाली. म्हणाले, १९९४ ला घेतलेला प्लॉट विकतोय, ४१ लाख येतायत, सगळे यात घालायचे. जूनमध्ये व्यवहार झाला पण.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पण. त्याच संध्याकाळी कुणीतरी ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली तलवारी, झेंडे आणि ‘सॅल्यूट सर’चे २०० मेसेज, आणि त्या ग्रुपमधला एकजण ताईंच्या नवऱ्याच्या ऑफिसात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. आरडाओरडा नाही केला त्यांनी. एवढंच विचारलं, “दादा, बाबांना गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी सांगितली होती, ती त्यांनी पुढे ढकलली आहे, हे तुमच्या कमिटीला माहितीये का?”

माहीत नव्हतं.

कोणते पर्याय होते

मी, आमचा एक सीए मित्र (तोही ओल्ड बॉय, नानांनी त्यालाही लिमलेट दिली असणार) आणि अध्यक्ष असे तिघं बसलो.

पहिला पर्याय अर्थातच नाना म्हणतायत ते करायचं. कमान शाळेच्या जागेत, म्हणजे शाळेच्या मंडळाची मंजुरी लागणार, मंडळाची बैठक कधी होईल ते आपल्या हातात नाही, आणि मंजुरी मिळेपर्यंत साहेब बदलले तर परत अ आ इ पासून. नंतर देखभाल कोण करणार? शहिदांची नावं कोरली की पुढची नावं कुठे कोरायची, हा प्रश्न नानांनी स्वतः सोडवला होता, त्यांनी खांबाच्या खाली ३ फूट जागा कोरी सोडली होती. ते बघून मला कसंतरीच झालं.

दुसरा, पैसे संघटनेला कॉर्पस म्हणून द्यायचे, म्हणजे मुद्दल हलवायचं नाही आणि व्याज वापरायचं. देणगीदारानं लेखी सांगितलं की ही रक्कम कॉर्पससाठी, की ती त्या वर्षाच्या उत्पन्नात मोजत नाहीत, फक्त कायद्यात सांगितलेल्या जागीच गुंतवावी लागते, बँकेची एफडी त्यात बसते.

तिसरा, आत्ता काहीच न देता मृत्युपत्रात लिहायचं. प्लॉट त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे कुणाला द्यायचं ते ठरवायला ते मोकळे. पण नाना यावर भडकले, म्हणाले म्हणजे मी मेल्याशिवाय काही व्हायचं नाही का.

चौथा, म्हणजे कुणी न बोललेला, की नको घ्यायला हे पैसे. संघटनेत हे उच्चारायची कुणाची हिंमत नव्हती, ताईंनी मात्र तोच मनात धरला होता आणि माझ्या मते तो बाद करण्यासारखा नव्हता.

या सगळ्यात सीएनं एक खिळा ठोकला. आम्ही सगळे धरून चाललो होतो की पैसे शाळेच्या कामाला दिले की टॅक्स नाही. तसं काही नसतं. प्लॉट विकला त्याचा भांडवली नफा नानांचा, तो दान केला तरी टॅक्स नानांनाच. इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) वगैरे धरून नफा ३१ लाखांच्या आसपास बसत होता, तेव्हाच्या २० टक्क्यांनी ६ लाखांच्या वर टॅक्स. सगळे ४१ कमानीत घातले तर हे ६ लाख कुठून आणणार होते? पेन्शनमधून? ८०जी चं, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीचं म्हणाल तर ते उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत अडकतं आणि नव्या टॅक्स रेजिममध्ये तर मिळतच नाही. एकच वाट होती, ५४ईसी, म्हणजे विक्रीपासून ६ महिन्यांच्या आत आरईसीसारख्या सरकारी कंपनीचे बॉण्ड घ्यायचे, तेवढ्या नफ्यावरचा टॅक्स वाचतो, पैसे ५ वर्ष अडकतात, व्याज तेव्हा ५ टक्के. जूनमध्ये विक्री झाली होती म्हणजे डिसेंबर ही शेवटची तारीख. भावनेला तारीख नसते पण इन्कम टॅक्सला असते.

निर्णय कुठे फिरला

ऑगस्टमध्ये मी नानांना घेऊन ताईंकडे पुण्याला निघालो, गाडीनं. वाटेत चहाला थांबलो. टपरीवर बाकडं होतं, नाना नेहमीसारखे डाव्या टोकाला बसले. मी ३० वर्ष बघतोय, मीटिंग असो, पंगत असो, नाना डाव्या टोकाला. मला वाटायचं सवय. त्या दिवशी रस्त्यावर ट्रकांचा आवाज होता, मी चुकून त्यांच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो आणि बोलत होतो, आणि त्यांना काही कळलंच नाही. दोन वाक्यं झाल्यावर ते वळले, म्हणाले, “इकडून बोल रे. तो कान नाही.”

मग बोलले. १९६८ ला एसएसबी निघालं होतं, मेरिटचा प्रश्नच आला नव्हता. मेडिकलला डावा कान. लहानपणी विहिरीत पोहताना पडदा गेलेला, पू यायचा, घरी गोडं तेल सोडायचे. अनफिट लिहिलं आणि हे घरी आले. परत दाखवता येतं, अपील करता येतं असं कुणी सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. वडलांना काय सांगायचं म्हणून मेरिट सांगितलं, कारण मेरिटला नाव न येणं ही त्यांना कळण्यासारखी गोष्ट होती, कान ही नव्हती. मग तीच गोष्ट ५४ वर्ष चालली. “एवढा खर्च केला शाळेनं माझ्यावर,” म्हणाले, “आणि मी कॅनॉलचे दरवाजे मोजत बसलो.”

मी काय बोलणार. चहा गार झाला तो तसाच प्यायलो.

पुढचं मी लगेच बोललो नाही हे एक बरं केलं. आठ दिवसांनी फोन करून विचारलं की नाना, आत्ता पण पोरं मेडिकलला पडतायत, तुमच्या वहीत किती असतील? त्यांनी वही काढली. त्यांच्याकडे नोंद होती, बारीक अक्षरात, ‘वै.’ म्हणून. गेल्या १० वर्षांतली ती ‘वै.’ आम्ही मोजली नाहीत पण त्या पानांवर ती बरीच होती हे दोघांनाही दिसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनडीएची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांचं एसएसबी, त्यात रेकमेंड झालात की मिलिटरी हॉस्पिटलला मेडिकल. तिथे पोरं कशावर अडकतात? नाकाचा पडदा वाकडा, कानात मळ नाहीतर पडद्याला भोक, वजन जास्त, दात (किमान १४ डेंटल पॉइंट लागतात), गुडघे आपटणं, व्हेरिकोसील (अंडकोशाच्या शिरा फुगणं). यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं. टेम्पररी अनफिट दिलं की अपील मेडिकल बोर्डसाठी ४२ दिवस मिळतात. शहरातल्या डॉक्टरच्या पोराला ४२ दिवस म्हणजे एक फोन. खेड्यातल्या पोराच्या बापाला ४२ दिवसांत आधी कळायला हवं की हे नाकाचं आहे, मग सर्जन शोधायचा, मग पैसे, आणि जखम भरायला पण दिवस लागतात. एसएसबीला पहिल्यांदा जाताना थर्ड एसीचं भाडं सरकार देतं, पण नाकाच्या ऑपरेशनचं कुणी देत नाही.

नाना पहिल्यांदा नाहीच म्हणाले. “मेडिकलला पडलेल्या माणसाच्या नावानं मेडिकलचा फंड? लोक हसतील.” मी म्हटलं नाव कुणाचंच नको. त्यावर गप्प बसले. मग एकदम म्हणाले, “आणि कमान?”

हा प्रश्न मी टाळला नाही, विचारून टाकलं की नाना, कमानीचं तुमच्या डोक्यात मार्चच्या त्या रविवारच्या आधी होतं का नंतर आलं? बराच वेळ काही नाही. मग, “तुला कोणी सांगितलं तो रविवार?” एवढंच. उत्तर त्यातच होतं असं मी धरलं. कदाचित चुकीचंही असेल.

काय केलं

ताईंच्या डायनिंग टेबलवर हिशोब मांडला, तीन तास गेले. २० लाख ५४ईसी बॉण्डमध्ये, नानांच्या नावानं, ताई नॉमिनी. सव्वादोन लाखांच्या आसपास टॅक्स. ७ लाखांच्या जरा आत एफडी, बापलेकींच्या जॉइंट नावानं, आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कुणालाही काढता येईल अशी), ही नानांच्या दवाखान्यासाठी, आणि अँजिओप्लास्टी आधी, फंड नंतर, ही ताईंची अट. नानांनी खूप आढेवेढे घेतले, शेवटी ताई म्हणाल्या, “बाबा, एकदा तरी माझी ऑर्डर पाळा.” सप्टेंबरमध्ये स्टेंट बसला.

राहिले १२ लाख, ते संघटनेला कॉर्पस, लेखी पत्रासह, बँक ट्रान्सफरनं. व्याज वर्षाला साधारण ८४ हजार. मृत्युपत्रही केलं, दोन साक्षीदार, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं आणि रजिस्टर करून घेतलं, रजिस्टर करणं सक्तीचं नसतं पण नंतर तोंडं बंद राहतात.

फंडाचे नियम आम्ही फार लिहिले नाहीत. पैसे पालकाच्या हातात द्यायचे नाहीत, थेट हॉस्पिटलला. पोरगं १८ च्या खाली असलं तर संमती आईबापाचीच, शाळा किंवा संघटना सही करणार नाही. आमच्यातला एक कान-नाक-घशाचा सर्जन आणि एक डेंटिस्ट फी घेणार नाहीत, भूल आणि ऑपरेशन थिएटरचा खर्च तेवढा द्यायचा. मग ८४ हजारात वर्षाला दोन ऑपरेशनं आणि दातांची किरकोळ कामं बसतात. कुणाला मदत झाली ते ग्रुपवर टाकायचं नाही. हा शेवटचा नियम नानांचा.

शाळेशी बोलायला यावेळी आम्ही पत्र घेऊन गेलो, अपॉइंटमेंट घेऊन. प्रिन्सिपल साहेबांनी अर्धा तास ऐकलं आणि मग स्वतःच म्हणाले, त्या सरांबद्दल मला नंतर समजलं, वाईट वाटलं. दुसऱ्या रविवारी नानांना पास, क्रीडांगण आणि ऑडिटोरियम, हॉस्टेल नाही. लेखी. साहेब बदलले तरी फाइलला राहील असं.

निकाल

२०२३ पासून आत्तापर्यंत ११ जणांची दातांची कामं, ४ ऑपरेशनं. चौघांपैकी दोघं अपीलमध्ये फिट झाले, त्यातला एक खडकवासल्याला आहे, दुसऱ्याचं मेरिटला नाव आलं नाही, यावेळी खरोखरचं मेरिट. तिसऱ्याची जखम वेळेत भरली नाही आणि ४२ दिवस निघून गेले. चौथी मुलगी होती, तिचं अजून चालू आहे. मुली एनडीएला जायला लागल्या सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर, मे २०२५ मध्ये १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि नानांच्या वहीत ‘मुलाचे नाव’ असा छापील नाही पण हातानं आखलेला रकाना होता, तो त्यांनी पट्टी लावून खोडला आणि वर ‘नाव’ लिहिलं. मागच्या सगळ्या पानांवर पण. दोन दिवस लागले म्हणे.

पाचवं ऑपरेशन झालं असतं, बापानं नको म्हटलं. “फौजेत जायच्या आधीच कापाकापी कशाला?” नाना स्वतः त्याच्या गावाला जाऊन आले, दोन वेळा. नाही ऐकलं. पोरगं आता इंजिनिअरिंगला आहे.

कमानीचं म्हणाल तर ती झालीच. दुसऱ्या एका बॅचनं त्यांच्या रौप्यमहोत्सवाला पैसे जमवून केली, सिमेंटची, वर टाइल्स, १२ फूट. मंजुरीला दीड वर्ष लागलं. नावं नाहीत तिच्यावर, शाळेचं नाव आणि बॅचचं वर्ष एवढंच.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, ४२ दिवसांच्या मागे धावणं हीच आमची चूक होती. तिसऱ्या पोराचं गेलं त्यानंतर डोक्यात प्रकाश पडला की तपासणी अकरावीतच करायला हवी, एसएसबीच्या वर्षभर आधी, म्हणजे नाक, कान, दात, वजन सगळ्याला वेळ मिळतो आणि ऑपरेशन सुट्टीत होतं. डॉक्टर मंडळी आमच्यातच होती, ही साधी गोष्ट पहिल्या वर्षी कुणाला सुचली नाही कारण आम्ही सगळे अपील या शब्दातच अडकलो होतो, आणि मला वाटतं त्याला कारण नानांची गोष्ट होती. त्यांना अपील मिळालं नाही म्हणून आम्ही पोरांना अपील मिळवून द्यायला निघालो. जून २०२५ पासून अकरावीचं शिबिर सुरू केलं.

दुसरं, टाळ्या. देणगीचा प्रस्ताव आला की त्याच मीटिंगमध्ये हो म्हणायचं नाही, आधी घरच्यांशी बोलणं झालंय का ते विचारायचं, हे आता आमच्या इतिवृत्तात लिहून ठेवलंय. त्या मे महिन्यात एकानं जरी विचारलं असतं तरी ताईंना ते व्हॉट्सॲपवरून कळलं नसतं. आणि प्लॉट विकायच्या आधी सीएला गाठलं असतं तर निदान डिसेंबरची घाई टळली असती.

ते पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं त्याचं मी अजून नानांना सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेल.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती म्हणजे वही. स्कॅन करू म्हटलं तर नको म्हणतात, टाइप करू म्हटलं तर चुका कराल म्हणतात, मग पुढे कोण लिहिणार विचारलं की विषय बदलतात. गेल्या वर्षी ताईंनी एका दुपारी तीन पानं उतरवून घेतली, त्यांच्या अक्षरात, नानांनी तपासली आणि एक चूक काढली. सध्या तेवढ्यावर आहे.

नाना महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात, नवीन कमानीखालून. पहिल्यांदा आले तेव्हा खिशातून ओळंबा काढून डाव्या खांबाला लावला आणि सिक्युरिटीवाल्याला सांगितलं की पाऊण इंच बाहेर आहे. मग पास भरला. पासावर ‘कामाचे स्वरूप’ असा एक रकाना असतो, बाकीचे लोक तिथे ‘पाल्याची भेट’ लिहितात. नाना लिहितात ‘कान-नाक-घसा’.